धन्याला गाडी ओळखते

सुरक्षिततेचे सारे नियम हे दिवसभर परक्यांच्या गाड्यांखाली शिरणाऱ्या मेकॅनिकसाठी केलेले असतात, ही गोष्ट घरी दुरुस्ती करू पाहणाऱ्याने आधी मनाशी पक्की करावी. मेकॅनिकचा त्या गाडीशी कसलाही ऋणानुबंध नसतो, आणि म्हणूनच ती त्याच्या अंगावर घसरू शकते, त्याला भाजू शकते किंवा त्याचे बोट फिरत्या पट्ट्यात ओढून घेऊ शकते. आपले तसे नाही. आपण या गाडीचे हप्ते भरलेले आहेत, तिला फडक्याने पुसलेले आहे, ती रुसली तेव्हा तिच्या बॉनेटवर हात ठेवून तिची समजूत घातलेली आहे. अशी गाडी आपल्या धन्याला ओळखते. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत पानोपानी त्रिकोणात उद्गारचिन्ह काढून जे इशारे दिलेले असतात, ते हे नाते ठाऊक नसलेल्या कोणा अरसिकाने लिहिलेले असल्यामुळे पुस्तिका डिकीतच राहू द्यावी.

पूर्वतयारी म्हणून एक व्हिडिओ पुरेसा आहे. त्यातली गाडी दुसऱ्या कंपनीची आणि उजवीकडचा भाग डावीकडे असलेली असली तरी बिघडत नाही. आरंभीची दोन मिनिटे निवेदक हातमोजे, चष्मा वगैरेंबद्दल बोलतो, ती तेवढी पुढे ढकलावीत. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होण्यात जो आनंद आहे तो पूर्ण हळकुंड उगाळणाऱ्यांना कधीच कळत नाही.

आता गाडी उचलू. त्यासाठी डिकीतला छोटा जॅक हे सर्वार्थाने पुरेसे साधन आहे, कारण तो आपल्याकडे आहे. हा जॅक केवळ चाक बदलण्यापुरता, म्हणजे गाडीखाली कोणी नसताना काही मिनिटे वापरण्यासाठी बनवलेला असतो आणि जॅकचे काम उचलणे, तोलून धरणे नव्हे, असे जाणकार म्हणतात. ते गाडी उचलली की लगेच तिच्याखाली जॅक स्टँड, म्हणजे भार तोलून धरणारी तिवई, लावतात, तेही पुस्तिकेत दाखवलेल्या मजबूत जागीच, आणि मग जॅक सैल करून गाडीचा भार त्या स्टँडवर सोडतात. एवढा संशय! तेलाच्या दाबावर चालणाऱ्या जॅकमध्ये गाडीचा भार शेवटी एका रबरी सीलवर येतो, आणि ते सील झिजले की जॅक हळूहळू किंवा एकदम खाली बसतो, हे खरे आहे. परंतु रबराच्या एका कड्याला आपल्यापेक्षा जास्त अक्कल आहे असे मानणे स्वाभिमानाला शोभत नाही. स्टँड घेण्याऐवजी दोन विटा किंवा सिमेंटचा पोकळ ठोकळा लावावा. हा ठोकळा भिंतीत भार सर्वत्र पसरतो तेव्हा वर्षानुवर्षे टिकतो आणि गाडीच्या धातूची कड एका बिंदूवर टेकली की कोणतीही पूर्वसूचना न देता फुटतो. पूर्वसूचना नसल्यामुळे काम करणाऱ्याच्या मनावर ताण येत नाही, हा त्याचा मोठाच फायदा म्हणावा लागेल.

जागा शक्यतो उताराची निवडावी, म्हणजे तेल वाहून जायला बरे पडते. चाकांच्या पुढे-मागे ठोकळे लावण्याची गरज नाही, कारण हँडब्रेक आहेच. बहुतेक गाड्यांत तो फक्त मागच्या चाकांवर लागतो आणि आपण मागचीच बाजू उचलली तर तो कशालाही धरून ठेवत नाही, हा तपशील भित्र्या लोकांसाठी सोडून द्यावा. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करून घेतात, असे ऐकण्यात येते. तसे केले तर गाडी हवेत असताना लांब पान्यावर दोन्ही पायांनी उभे राहून उड्या मारण्याची संधी हुकते, आणि जॅकवरची गाडी किती डुलते हे मग कळणार तरी कसे? काढलेले चाक गाडीच्या कडेखाली आडवे सरकवून ठेवले तर गाडी घसरलीच तरी त्यावर अडते, ही युक्तीही टाळावी. चाक अंगणात उभे केलेले अधिक शोभते. सुमारे 1200 किलो वजन आपल्या छातीपासून एक वीत अंतरावर असताना घरात कोणाला सांगून ठेवणे म्हणजे निष्कारण काळजी वाढवणे होय. दुपारी, सगळे झोपलेले असताना, आवाज न करता खाली शिरावे.

बॅटरीबद्दल मात्र थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण इथे आपला आत्मविश्वास शास्त्रीय पायावर उभा असतो. बारा व्होल्टचा शॉक माणसाला बसत नाही, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे आणि ते खरेही आहे. त्यामुळे बोटातली अंगठी आणि मनगटावरचे धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढण्याचे कारण उरत नाही. स्टार्टर फिरवण्यासाठी बनवलेली ही बॅटरी शॉर्ट झाली तर कित्येकशे अँपिअर प्रवाह सोडते आणि पाना व गाडीचा पत्रा यांच्यात अडकलेली अंगठी क्षणात लाल होते, हा मुद्दा शॉकच्या विषयात बसत नसल्याने शाळेने तो सांगितलेला नाही. गाडीचा सगळा सांगाडाच बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला असतो. म्हणून मेकॅनिक आधी ऋण टर्मिनल सोडतो, जेणेकरून नंतर धन टर्मिनल सोडताना पाना पत्र्याला टेकला तरी काही घडू नये, आणि जोडताना ऋण टर्मिनल शेवटी लावतो. आपण जे हाताला आधी लागेल ते सोडावे. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो सुमारे 4 टक्के झाला तरी ठिणगीने पेटू शकतो. तेव्हा आतील पाण्याची पातळी पाहण्यासाठी काडी पेटवणे हा आपल्या पूर्वजांनी घालून दिलेला मार्ग आहे, आणि ते पूर्वज दुरुस्तीविषयी पुढे फारसे काही सांगू शकले नाहीत याचे कारणही तेच असावे. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून आपली गाडी सुरू करताना शेवटची काळी वायर मेलेल्या बॅटरीला न लावता तिच्यापासून दूर, इंजिनच्या उघड्या धातूला लावायची असते, म्हणजे ठिणगी पडलीच तर वायूजवळ पडत नाही. ती ठिणगी जवळून नीट दिसावी म्हणून वाकून बॅटरीलाच लावावी. चष्मा अर्थातच नको. बॅटरीतले सल्फ्युरिक ॲसिड उडाले तर काच पुसत बसावी लागते.

इंजिन तापले असेल तर रेडिएटरचे झाकण तत्काळ उघडावे. बंद झाकणाखाली कूलंटवर, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवावर, दाब असल्यामुळे ते 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, आणि झाकण सैल होताच तो दाब नाहीसा होऊन त्यातले बरेचसे एका क्षणात वाफ होते. ही वाफ थेट चेहऱ्याच्या दिशेने येते, कारण झाकण उघडणारा नेहमी त्यावर वाकलेला असतो. इंजिन पूर्ण गार होईपर्यंत तास-दोन तास वाट पाहणाऱ्यांना हे दृश्य पाहायला मिळत नाही. काढलेले कूलंट पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून मुलांच्या उंचीवर ठेवावे. त्यातले इथिलिन ग्लायकॉल चवीला गोड असते, मूत्रपिंडे निकामी करते, आणि हिरवा वा गुलाबी रंगही असा छान की घरातल्या कुत्र्यालाही त्याचा मोह पडतो. किल्ली काढल्यावरही रेडिएटरचा पंखा उष्णतेमुळे आपोआप सुरू होऊ शकतो, म्हणून हात पंख्याच्या पात्यांतच ठेवून विचार करावा.

काम झाकलेल्या जागेत, शटर ओढून घेऊन, इंजिन चालू ठेवून केल्यास शेजाऱ्यांचा उपद्रव होत नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही, त्यामुळे तो असल्याचा त्रास जाणवण्याचा प्रश्न येत नाही. रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरते, म्हणजे पाहुणा एकदा आला की यजमानाचीच उचलबांगडी. डोके दुखू लागले, मळमळले, गुंगी आली तर ते श्रमाचे लक्षण समजून तिथेच जरा पडावे.

पेट्रोलविषयी एवढेच की ते उणे 40 अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडते आणि ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत सरपटत जाऊन दूरच्या ज्योतीपर्यंत पोहोचते. त्यामुळे ज्योत दूर आहे हे समाधान पुरेसे मानावे. आग लागलीच तर पाणी ओतावे. पेट्रोल त्यावर तरंगत खोलीभर पसरते आणि सगळीकडे सारखाच उजेड पडतो. कोरड्या पावडरीचा अग्निशामक जवळ असणे म्हणजे अपशकुनाला आमंत्रण.

डिझेलच्या आधुनिक गाडीत नळीतून गळती होते का हे तपासायला बोट लावावे. तिथला दाब 2000 बारच्या, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे दोन हजार पटींच्या, घरात जाऊ शकतो आणि त्या दाबाची सुईएवढी धार कातडी भेदून आत शिरते. बाहेरून मात्र केवळ टाचणी टोचल्यासारखे दिसते, त्यामुळे तातडीची शस्त्रक्रिया लागते हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत आपण निवांत असतो. सस्पेन्शनच्या स्प्रिंगचा वरचा नट, स्प्रिंग आवळून न धरता, एका दमात सोडावा. स्टिअरिंगमधली एअरबॅग बॅटरी न काढता उचकटावी. ती पापणी लवण्याआधी फुगते. बॅटरी काढून काही मिनिटे थांबा असे सांगणाऱ्यांकडे वेळच वेळ असतो. विजेवर चालणाऱ्या गाडीतल्या नारिंगी केबलींबद्दल तर मी काहीच सांगणार नाही. काहीशे व्होल्टचा तो विषय धन्याच्या प्रेमाच्याही पलीकडचा आहे, आणि इथे मला प्रथमच गाडीच्या ओळखशक्तीबद्दल शंका येते.

राहिले ब्रेक. त्यावर साठलेली धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या दाबाने उडवावी, म्हणजे ब्रेकच्या जुन्या लायनिंगमध्ये, अर्थात घासणाऱ्या अस्तरात, ॲस्बेस्टॉस असेल तर ते कोणत्याही भेदभावाविना सर्वांच्या फुप्फुसांत जाते. ब्रेक ऑइल कमी दिसल्यास वर्षभरापूर्वी उघडलेल्या डब्यातले घालावे. ते हवेतली ओल शोषत राहते; डॉट 4 प्रतीच्या ताज्या तेलाचा उकळबिंदू किमान 230 अंश असतो, आणि त्यात पुरेसे पाणी शिरले की तो 155 अंशांपर्यंत उतरला तरी ठरलेल्या मानकात बसतो. घाटात सतत ब्रेक दाबून तेल तापले आणि त्यात वाफेचे बुडबुडे झाले, तर पेडल मऊ होऊन पायाला आराम मिळतो. तो डबाही न सापडल्यास इंजिन ऑइल चालवून घ्यावे; रबरी सील त्यात फुगतात, म्हणजे तब्येत सुधारते.

आता नवे ब्रेक पॅड बसले, चाक चढले, नट हाताच्या अंदाजाने आवळले, आणि नट ठरावीक जोरानेच आवळणारा टॉर्क रेंच शेजाऱ्याकडे राहिला म्हणून बरेच झाले. पॅड बसवताना कॅलिपरचा, म्हणजे पॅड दाबणाऱ्या चिमट्याचा, पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्यांदा पेडल दाबले की ते प्रतिकार न करता थेट तळाला जाते. मेकॅनिक गाडी जागची हलवण्याआधी चार-सहा वेळा पेडल दाबून ते कडक झाल्याची खात्री करून घेतो, कारण त्याची तिच्याशी ओळख नसते. आपण थेट इंजिन सुरू करावे, कौतुक पाहायला जमलेल्या घरच्यांना मागे बसवावे आणि फाटकाकडे ऐटीत निघावे. पेडल फळीला टेकले तर गडबडून जाऊ नये, पुन्हा दाबावे; पुन्हा तेच झाले तर आणखी एकदा दाबावे, आणि तोवर समोरची भिंत गाडी थांबवण्याचे काम स्वतःकडे घेते.