पाटी पुसत राहा

गेल्या मंगळवारी आमच्या ऑफिसच्या गच्चीवर एसीवाला आला, पाना फिरवला आणि जुन्या एसीतला गॅस हवेत फुस्सऽऽ! चांगली पाच मिनिटं. तेव्हाच ठरवलं, हरित इमारत सांभाळण्याची विद्या आपल्यापुरती ठेवायची नाही. घ्या लिहून.

आधी पाटी. ‘हरित इमारत’ असं सर्टिफिकेट मिळाल्याची, पितळी, लिफ्टसमोर. ती रोज पुसायला एक माणूस ठेवा.

दिव्यांचे सेन्सर ज्या सेटिंगवर खोक्यातून निघाले, त्याच सेटिंगवर राहू द्या. त्यांना हलणारं ऊबदार अंग तेवढं कळतं. मान खाली घालून काम करणारा त्यांच्या लेखी घरी गेलेला. आमच्या टॉयलेटमध्ये आत बसून आरती ओवाळल्यासारखे हात फिरवावे लागतात. तक्रारी वाढल्या की इलेक्ट्रिशियनला सांगून वायर डायरेक्ट करून घ्या. मग रविवारीही लख्ख उजेड.

बाहेरचा उजेड बघून दिवे मंद करणारे डेलाइट सेन्सर बसवा आणि पडदे ओढून घ्या.

आता गॅस. दर मार्चला टॉप-अप मारा, का कमी झाला ते विचारू नका. एसी काय गॅस जाळून चालतो? बंद नळीतून तोच तो फिरतो. घरच्या फ्रिजमध्ये दरवर्षी गॅस भरता का? कमी झाला म्हणजे गळतोय. नळ्या जोडणाऱ्या फ्लेअर नटपाशी तेलकट डाग दिसतो, साबणाचा फेस लावला की बुडबुडे येतात. पण साबण लावायचा म्हणजे गच्चीवर जायचं, उन्हात! त्यापेक्षा बिल पास करणं सोपं.

आणि युनिट बदलताना जुना गॅस सिलिंडरमध्ये काढून घेणारं रिकव्हरी मशीन मुळीच मागवू नका. जड असतं. आमचा एसीवाला म्हणाला, ‘साहेब, हवाच आहे.’ हवा! नेमप्लेटवर गॅसचं नाव आणि वजन स्पष्ट लिहिलं होतं : आर-४१०ए, ३.२ किलो. पृथ्वी तापवण्यात याचा एक किलो म्हणजे शंभर वर्षांच्या हिशेबात २०८८ किलो कार्बन डायऑक्साइड. साधारण ९०० लिटर पेट्रोल जाळा, तेवढा. सर्टिफिकेटच्या गुणांसाठी खाली सायकल स्टँड केलाय आणि वर पाच मिनिटांत जवळजवळ तीन हजार लिटर पेट्रोलचा धूर! पण काळजी नको. असले गॅस कमी करण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराला, म्हणजे किगाली दुरुस्तीला, भारतानं २०२१ मध्ये मान्यता दिली असली, तरी आपली कपात २०३२ पासून आहे. तोवर सोडा खुशाल.

अहो, लाज वाटत नाही का? त्या एसीवाल्या पोराला मी काही म्हणत नाही. त्याला फेरीचे पैसे मिळतात आणि मशीन त्याला कोणी दिलेलंच नाही. कंत्राटात गॅस काढून घेण्याची ओळ नाही, कारण तुम्ही फक्त सगळ्यात कमी दर बघून सही केलीत. सर्टिफिकेट येईपर्यंत रजिस्टर मोत्यासारख्या अक्षरात भरलंत, नंतरची पानं कोरी. किती किलो भरला, किती काढला, दोन आकडे! तेही लिहवत नाहीत?

उरलेल्या युनिटांच्या नटांना आज साबण लावा. पाटी पुसणारा अकरानंतर मोकळाच असतो, त्याला पाठवा. आणि तुम्हीही चढा वर त्याच्याबरोबर.