फोन आपोआप रीस्टार्ट होतो म्हणजे ‘व्हायरसवालं ॲप’ नव्हे

थोड्याफार शब्दांच्या फरकाने हा मेसेज वर्षानुवर्षे फिरतोय: “फोन वापरता वापरता आपोआप बंद होऊन परत चालू होत असेल तर फोनमध्ये व्हायरसवालं ॲप शिरलंय. रॅम भरली की असं होतं. रीसेंटमधली ॲप्स दर तासाला उडवा, एखादं क्लीनर ॲप टाका. ज्या ॲपमध्ये फोन बंद पडला ते ॲप काढून टाका. तरी थांबलं नाही तर फॅक्टरी रीसेट मारा. शंभर टक्के उपाय.”

यातलं एक वाक्य निम्मं खरं आहे. बाकीची चुकीची आहेत, आणि शेवटचं नुकसान करणारं आहे.

“व्हायरसवालं ॲप फोन रीस्टार्ट करतं”

साध्या ॲपला फोन रीस्टार्ट करायचा अधिकारच नसतो. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲप स्वतःच्या कुंपणात चालतं. रीबूटची परवानगी फक्त फोन बनवणाऱ्याच्या सहीने आलेल्या सिस्टम ॲप्सना मिळते, प्ले स्टोअरवरून घेतलेल्या ॲपला ती मागूनही मिळत नाही. आयफोनमध्ये कुंपण याहून घट्ट. ॲप कितीही गचाळ लिहिलेलं असो, ते कोसळलं तर स्वतःपुरतं कोसळतं: ‘ॲप थांबलं आहे’ असा निरोप येतो किंवा ते गपचूप बंद होऊन तुम्ही होम स्क्रीनवर येता.

मग एखादं ॲप उघडलं की अख्खा फोन का बसतो? कारण ॲपने मागितलेलं काम प्रत्यक्षात खालचा थर करतो: अँड्रॉइडची मुख्य सेवा (सिस्टम सर्व्हर), त्याखाली कर्नल (सिस्टमचा गाभा) आणि कॅमेरा-ग्राफिक्सचे ड्रायव्हर (ते भाग चालवणारे प्रोग्राम), सगळ्यात खाली बॅटरी आणि बोर्ड. ॲप निमित्त होतं, मोडतो तो खालचा थर.

२ डिसेंबर २०१७ ची रात्र हे याचं नमुनेदार उदाहरण. आयओएस ११.१.२ असलेले आयफोन त्या दिवशी मध्यरात्रीनंतर सव्वाबाराच्या सुमारास पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होऊ लागले. बळी पडले ते रोजची आठवण देणारी ॲप्स असलेले फोन, म्हणजे औषधाची वेळ, ध्यान वगैरे. ॲप्समध्ये काही वावगं नव्हतं. पुन्हा पुन्हा येणाऱ्या सूचनांची तारीख हाताळताना आयओएसच अडखळत होतं. लोकांनी त्या ॲप्सच्या सूचना बंद करून किंवा फोनची तारीख मागे नेऊन वेळ निभावली, आणि ॲपलने त्याच दिवशी ११.२ सोडून दोष काढला.

२०२० च्या मे-जूनमध्ये तर एका निसर्गचित्राने अँड्रॉइड १० वाले कित्येक फोन लटकवले. त्या फोटोची रंगव्यवस्था नेहमीपेक्षा रुंद होती. वॉलपेपरची उजळता मोजताना सिस्टमच्या हिशेबात ० ते २५५ एवढ्याच जागा होत्या आणि गणिताचं उत्तर त्यापलीकडे गेलं. स्क्रीन सांभाळणारा भाग कोसळायचा, उठायचा, तोच वॉलपेपर वाचायचा, पुन्हा कोसळायचा. २०१८ च्या फेब्रुवारीत एका तेलुगू जोडाक्षराने आयफोनची हीच गत केली होती. दुरुस्ती आली आयओएस ११.२.६ मध्ये. तिन्ही वेळा व्हायरस नव्हता, आणि अँटीव्हायरसला पकडायला काही नव्हतंच.

आधी रीस्टार्टची जात ओळखा

मेसेजमध्ये ही पायरीच नाही, आणि खरं तर निम्मं निदान इथेच होतं. फोन ‘बंद होतो’ म्हणजे नेमकं काय होतं ते पाहा.

अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’खाली (काही फोनमध्ये त्यातल्या ‘स्टेटस’मध्ये) ‘अप टाइम’ असतो, म्हणजे फोन शेवटचा चालू झाल्यापासूनचा वेळ. रीस्टार्टनंतर लगेच तो बघा. आकडा शून्यापासून सुरू झाला नसेल, कालपासूनचे तास तसेच पुढे चालू असतील, तर कर्नल जागाच होता, फक्त वरचा अँड्रॉइड पडून पुन्हा उभा राहिला. याला सॉफ्ट रीबूट म्हणतात. यात कंपनीचा पहिला स्थिर लोगो दिसत नाही, थेट हलणारं ॲनिमेशन येतं. बऱ्याचदा त्याआधी फोन साधारण मिनिटभर गोठलेला असतो. सिस्टम सर्व्हरचा महत्त्वाचा धागा ६० सेकंद अडकून राहिला की वॉचडॉग नावाचा पहारेकरी त्याला मारून नव्याने सुरू करतो, म्हणून हे मिनिट. इथे ॲपवर संशय घ्यायला जागा आहे.

अप टाइम शून्यावर आला आणि कंपनीचा लोगोही दिसला, तर कर्नल कोसळला किंवा वीज तुटली. संशय ड्रायव्हर, उष्णता आणि हार्डवेअरवर.

फोन बंद झाला आणि बटण दाबेपर्यंत उठलाच नाही, किंवा बॅटरी ३० टक्के असताना बंद पडला आणि उठला तेव्हा ४ टक्के दाखवतोय, तर बॅटरीपासून सुरुवात करा.

आयफोनवर अप टाइम दिसत नाही, पण त्याहून चांगली गोष्ट मिळते. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यात ‘ॲनॅलिटिक्स अँड इम्प्रूव्हमेंट्स’, त्यात ‘ॲनॅलिटिक्स डेटा’. रीस्टार्टच्या वेळेची ‘पॅनिक-फुल’ नावाने सुरू होणारी फाइल तिथे असेल तर कर्नल पडला होता. ‘जेटसॅम’ नावाच्या फाइली पाहून घाबरू नका, मेमरी मोकळी करायला ॲप बंद केल्याच्या त्या रोजच्या नोंदी आहेत. फोन दर तीन मिनिटांनी नियमाने रीस्टार्ट होत असेल आणि पॅनिक फाइलमध्ये ‘थर्मलमॉनिटरडी’ व ‘मिसिंग सेन्सर’ हे शब्द असतील, तर ॲप्सच्या नादी लागूच नका. तापमान किंवा दाब मोजणाऱ्या एखाद्या सेन्सरकडून उत्तर येत नाही, आणि १८० सेकंद वाट पाहून फोन स्वतःला रीस्टार्ट करतो. बहुतेक वेळा दोष चार्जिंग पोर्टच्या पट्टीत (भाग बोर्डाला जोडणाऱ्या पातळ केबलमध्ये), पॉवर बटणाच्या पट्टीत किंवा बॅटरीत निघतो. पाणी गेलेल्या किंवा हलक्या प्रतीचा चार्जिंग पोर्ट बसवलेल्या फोनमध्ये हे हमखास. तीन मिनिटांत माणूस कुठलं ना कुठलं ॲप उघडतोच, आणि आळ त्याच्यावर येतो.

आणखी एक: काही रीस्टार्ट मुद्दाम ठेवलेले असतात. सॅमसंगच्या ‘डिव्हाइस केअर’मध्ये आपोआप रीस्टार्टचा पर्याय आहे, इतर कंपन्यांच्या अनेक फोनमध्ये ठरावीक वेळी बंद-चालूचा. आयओएस १८.१ पासून आयफोन, आणि २०२५ पासून गूगल प्ले सर्व्हिसेस असलेले अँड्रॉइड फोन, तीन दिवस न उघडता पडून राहिले तर सुरक्षेसाठी स्वतः रीस्टार्ट होऊ शकतात. घट्ट कव्हर पॉवर बटणावर दाबून बसलं तरी तोच परिणाम. आधी कव्हर काढून बघा, फुकटचा उपाय आहे.

“रॅम भरली की फोन रीस्टार्ट होतो”

रॅम भरलेलीच असायला हवी, तिचं कामच ते. कमी पडली की सिस्टम मागची ॲप्स स्वतः बंद करते. त्याने फोन मंदावतो, गाणं मधेच थांबतं, फॉर्म भरताना ॲप पहिल्यापासून सुरू होतं. रीस्टार्ट हा त्याचा नेहमीचा परिणाम नाही. दर तासाला रीसेंट उडवलीत तर तीच ॲप्स शून्यापासून उघडतील आणि बॅटरी जास्त खातील.

क्लीनर ॲपबद्दल एवढंच: अँड्रॉइड ६ पासून बाहेरच्या ॲपला दुसऱ्यांची कॅश (तात्पुरत्या साठवलेल्या फाइली) सरसकट पुसायची परवानगी नाही. त्यामुळे ही मंडळी ‘ॲक्सेसिबिलिटी’ मागतात आणि तुमच्या वतीने बटणं दाबतात. बिघडलेल्या फोनला आणखी एक खोलवर हात घालणारं ॲप बहाल करण्यात शहाणपण कुठलं?

जागा भरणं मात्र खरं कारण असू शकतं. रॅम नव्हे, स्टोरेज. ते काठोकाठ भरलं की सिस्टमला स्वतःच्या नोंदी लिहिता येत नाहीत आणि फोन सुरू होतानाच लटकू शकतो. दहा टक्के तरी मोकळं ठेवा.

“ज्या ॲपमध्ये बंद पडला ते काढा”

निम्मं खरं ते हेच वाक्य. काढून बघायला हरकत नाही, पण समोर दिसणारं ॲप आणि दोषी ॲप एकच असेल असं नाही. मार्च २०२१ मध्ये अँड्रॉइडवर जीमेलसकट असंख्य ॲप्स उघडताच बंद पडू लागली. लोक एकेक ॲप काढत बसले. दोष होता ‘अँड्रॉइड सिस्टम वेबव्ह्यू’ या घटकात, जो इतर ॲप्सच्या आत वेबपान दाखवतो. त्याचं अपडेट काढलं किंवा पुढचं दुरुस्त अपडेट घेतलं की सगळं सुरळीत. त्यात फोन रीस्टार्ट होत नव्हते, पण चूक तीच: दिसतं त्याला धरायचं.

सॉफ्ट रीबूटच्या बाबतीत आधी संशय घ्यावा तो सिस्टमशी कायम चिकटून राहणाऱ्या ॲप्सवर: लाँचर (होम स्क्रीन दाखवणारं ॲप), लाइव्ह वॉलपेपर, कीबोर्ड, व्हीपीएन, कॉल रेकॉर्डर, स्क्रीनवर तरंगणारी ॲप्स, ॲक्सेसिबिलिटी किंवा डिव्हाइस ॲडमिनची परवानगी घेतलेली ॲप्स. यातलं एखादं ॲप सिस्टम सर्व्हरकडे सतत नोंदण्या करत राहिलं आणि जुन्या सोडल्याच नाहीत, तर अशा नोंदी ठेवायचा सर्व्हरचा तक्ता (मर्यादा ५१,२००) भरतो आणि सर्व्हर पडतो. खूण अशी: रीस्टार्टनंतर फोन काही तास किंवा एखादा दिवस ठणठणीत, मग पुन्हा तेच. अँड्रॉइड ९ पासून अशा ॲपला आधीच मारायची सोय आहे, त्यामुळे ही तक्रार जुन्या फोनवर जास्त.

तपासायची रीत. सेफ मोड सुरू करा: पॉवर मेन्यू आणून ‘पॉवर ऑफ’वर बोट दाबून ठेवा, सेफ मोडचा पर्याय येईल. फोन तेवढा वेळच देत नसेल तर चालू होताना लोगो दिसला की आवाज कमी करायचं बटण दाबून धरा, बऱ्याच फोनवर चालतं. सेफ मोडमध्ये तुम्ही टाकलेली ॲप्स चालत नाहीत. इथेही रीस्टार्ट झाला तर ॲप्स निर्दोष.

रीस्टार्ट थांबला तर मात्र लगेच ‘ॲपच दोषी’ म्हणू नका. बरेच रिपेअरवालेही इथेच चुकतात. सेफ मोडमध्ये फोनवर भार कमी असतो, त्यामुळे थकलेली बॅटरीही शहाण्यासारखी वागते. म्हणून सेफ मोडमध्येच फोनसोबत आलेल्या कॅमेऱ्याने, फ्लॅश चालू ठेवून, दहा मिनिटं व्हिडिओ काढा. त्यात पडला तर बॅटरी किंवा बोर्ड. टिकला तर ॲप्सकडे वळा.

प्ले स्टोअरच्या ‘मॅनेज’ यादीला ‘रीसेंटली अपडेटेड’ क्रम लावा आणि रीस्टार्ट सुरू व्हायच्या आदल्या दोन-तीन दिवसांत बदललेली ॲप्स आधी काढा. त्यात सापडलं नाही तर उरलेल्यांपैकी निम्मी एकदम काढून बघा, मग दोषी निम्म्याची निम्मी. दोषी एकच असेल तर ६४ ॲप्समधून सहा फेऱ्यांत सापडतं. एकेक काढत बसलात तर महिना जाईल, कारण प्रत्येक फेरीला नेहमीच्या दोन रीस्टार्टमध्ये जाणाऱ्या वेळेच्या दुप्पट तरी थांबावं लागतं.

मेसेजला माहीतच नसलेली बॅटरी

दोन-तीन वर्षं वापरलेला फोन गेम, कॅमेरा किंवा व्हिडिओ कॉलमध्येच पडतो, तेव्हा गुणाकार करून बघा. बॅटरी ३.६ व्होल्टवर आहे आणि ॲपने क्षणभर २ अँपिअर खेचले असं धरू. नव्या बॅटरीचा आतला रोध ०.१ ओहम धरला तर ०.२ व्होल्ट गळतात, ३.४ उरतात. थकलेल्या बॅटरीचा ०.३ ओहम धरला तर ०.६ गळतात, उरतात ३.०. मॉडेलनुसार ३ ते ३.४ व्होल्टच्या दरम्यान फोन स्वतःला वाचवण्यासाठी वीज तोडतो. टक्केवारी तिसावर असली तरी. थंडीत रोध वाढतो, म्हणून पहाटे जास्त.

आयफोन ६ आणि ६एसच्या काळात हेच झालं होतं. २०१७ च्या जानेवारीत आलेल्या आयओएस १०.२.१ ने असे फोन बंद पडू नयेत म्हणून त्यांचा वेग गुपचूप उतरवला, वर्षअखेरीस गवगवा झाला, आणि ॲपलने माफी मागून वॉरंटीबाहेरच्या बॅटरीबदलाचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला.

घरच्या घरी चाचणी: तेच ॲप ८० टक्क्यांच्या वर, चांगला चार्जर लावून चालवा. मग चार्जर काढून ३० टक्क्यांवर चालवा. पहिल्या वेळी टिकला आणि दुसऱ्या वेळी पडला तर बॅटरी बदला. मागचं झाकण किंवा स्क्रीन उचललेली दिसली तर चाचणीही नको. बॅटरी फुगली आहे. फोन बंद करा, झाकण दाबून बसवायचा प्रयत्न करू नका.

“फॅक्टरी रीसेट मारा”

रीसेटने बॅटरी, पट्टी, बोर्ड यांतलं काहीच सुधारत नाही. उलट दोषाच्या नोंदीही पुसल्या जातात. म्हणून आधी अँड्रॉइडवर बिल्ड नंबरला सात वेळा टिचकी मारून डेव्हलपर पर्याय उघडा आणि पडल्यानंतर लगेच ‘बग रिपोर्ट’ घ्या. त्यात ‘बूट रीझन’, म्हणजे फोन का रीस्टार्ट झाला याची नोंद, सापडतं: ‘कर्नल पॅनिक’, ‘शटडाउन, थर्मल’, ‘शटडाउन, बॅटरी’ असे शब्द स्वतःच बोलतात. ही फाइल कुठल्या ग्रुपवर टाकू नका, तिच्यात तुमची खाती आणि ॲप्सची खासगी माहिती असते.

कधी कधी अँड्रॉइड स्वतःच रीसेट सुचवतो. सिस्टम सर्व्हर पाच मिनिटांत पाचपेक्षा जास्त वेळा पडला की ‘रेस्क्यू पार्टी’ ही यंत्रणा जागी होते, आधी काही सेटिंग्ज मूळपदावर आणते आणि शेवटी रीसेटचा प्रश्न विचारते. घाईत ‘हो’ दाबू नका. आधी ‘पुन्हा प्रयत्न करा’ निवडून सेफ मोड मिळतो का बघा, मिळाला तर फोटो उतरवून घ्या.

रीसेट योग्य असतो तो सॉफ्ट रीबूट सेफ मोडमध्येही होत असेल तेव्हा. आधी गूगल खात्याचा पासवर्ड दुसऱ्या उपकरणावर चालतो का पाहा, नाहीतर रिकव्हरीतून (बटणं दाबून उघडणाऱ्या दुरुस्तीच्या मेन्यूतून) रीसेट केलेला फोन त्या पासवर्डापाशीच अडेल. व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्या, ऑथेंटिकेटरचे (लॉगिनसाठी कोड देणाऱ्या ॲपचे) कोड हलवा, यूपीआयसाठी सिम चालू असल्याची खात्री करा. रीसेटनंतर जुना बॅकअप लगेच ओढू नका, त्याच्याबरोबर तीच ॲप्स आणि त्याच सेटिंग्ज परत येतात. फोन नवा म्हणून सुरू करा, सिस्टमचं अपडेट घ्या आणि दोन दिवस काहीही न टाकता वापरा. या दोन दिवसांत पुन्हा रीस्टार्ट झाला तर बग रिपोर्ट घेऊन सर्व्हिस सेंटरला जा, आणि काउंटरवर ‘ॲप काढून बघा’ म्हणाले तर काढायला एकही ॲप नाही हे दाखवा.