गाडीची शेपटी दिसली का?

दहावीच्या इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेला आता कृतिपत्रिका म्हणतात आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणातही ‘कृती’ हा शब्द सतत कानावर पडतो. परंतु वर्गात कृती म्हणून जे चालते, त्यातील बरेचसे मला जुन्याच गाळलेल्या जागा रंगीत कागदावर छापल्यासारखे वाटते. ठाण्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाते, म्हणजे माझ्यापुढे येणाऱ्या मुलाने आठ वर्षे इंग्रजीचे तास केलेले असतात, आणि तरीही ‘आय हॅड वेंट टू तलावपाळी यस्टर्डे’ हे वाक्य मला दरवर्षी नव्याने भेटते. माझे मत एवढेच आहे की व्याकरणाची कृती तीच कामाची, जिच्यात रूप चुकले की अर्थ बिघडतो आणि तो बिघडल्याचे बाकावरच्या शेजाऱ्याला कळते.

या मतापर्यंत मी एका फसलेल्या तासातून आले. इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील शाळांमध्ये एक प्रयोग केला होता, जो बंगलोर प्रकल्प या नावाने ओळखला जातो. त्यात व्याकरणाचे नियम न शिकवता मुलांना नकाशे, वेळापत्रके यांवर आधारित कामे इंग्रजीतून करायला दिली जात. त्याविषयी वाचून मीही उत्साहाने ठाणे-वाशी आणि ठाणे-पनवेल गाड्यांचे वेळापत्रक तयार केले. ऐरोली, रबाळे, घणसोलीच्या निम्म्या वेळा एकाच्या कागदावर, उरलेल्या निम्म्या दुसऱ्याच्या, आणि एकमेकांचे कागद न बघता प्रश्न विचारून आपला तक्ता पूर्ण करायचा. मराठीत ‘गाडी किती वाजता सुटते?’ विचारताना आपल्याला ‘डझ’सारखे काही लागत नाही, म्हणून ते येथे पक्के होईल असा माझा हिशेब होता. प्रत्यक्षात मुलांनी ‘घणसोली, व्हॉट टाइम?’ एवढ्यावर संपूर्ण तक्ता सात-आठ मिनिटांत भरून दाखवला. त्यांचे काम झाले, माझे राहिले. मुलांची भीड मोडण्यासाठी ही कृती उत्तम आहे, पण व्याकरणासाठी ती पुरेशी नाही, कारण ‘डझ’ गाळले तरी गाडीची वेळ बरोबरच कळते.

‘हॅड’चे तसे नाही. पुढच्या वर्षी मी फळ्यावर एकच अर्धे वाक्य लिहिले, ‘व्हेन आय रीच्ड प्लॅटफॉर्म नंबर टेन’, आणि ते प्रत्येकाने आपल्या चिठ्ठीवर पूर्ण करायचे असे सांगितले. एका मुलीने लिहिले, ‘द वाशी ट्रेन हॅड लेफ्ट’, तर तिच्या शेजारणीने लिहिले, ‘द वाशी ट्रेन लेफ्ट’. मी चूक-बरोबर काही न सांगता दोघींच्या चिठ्ठ्या वर्गापुढे वाचल्या आणि विचारले, ‘गाडीची शेपटी कोणाला दिसली?’ थोडा वेळ शांतता होती. मग मागच्या बाकावरून उत्तर आले की दुसरीला दिसली, पहिली आली तेव्हा रूळ रिकामे होते. ‘मी पोहोचले तेव्हा गाडी सुटली होती’ आणि ‘मी पोहोचले आणि गाडी सुटली’ यांतील फरक मुलांना मराठीतून जन्मापासून ठाऊक असतो. तो इंग्रजीत कोठे बसतो, एवढेच दाखवायचे असते.

मग गुंता कोठे होतो? मराठीत आपण पुढेमागे दुसरी घटना नसतानाही ‘मी काल तलावपाळीला गेलो होतो’ असे सहज म्हणतो, आणि त्या ‘होतो’चे भाषांतर म्हणून ‘हॅड’ येऊन बसते. म्हणून मुले आता एकमेकांच्या वाक्यात ‘हॅड’ दिसले की ‘आधी कशाच्या?’ असे विचारतात. उत्तर देता आले नाही तर ‘हॅड’ खोडायचे. त्यानंतर ‘वेंट’ की ‘गॉन’ हे मात्र पाठच करावे लागते. तीन रूपांचा तक्ता पाढ्यांसारखा घोकण्याला मला कमीपणा वाटत नाही.

शब्दसंग्रहाविषयी माझी तक्रार अधिक आहे. शब्दांच्या अंताक्षरीत मुले मजा करतात, पण त्यांना आधीच येणारे शब्दच त्यात फिरत राहतात. मला अधिक उपयोगी वाटली ती मराठीतील एकेका क्रियापदाची कृती. ‘काढणे’ हा शब्द मी फळ्याच्या मध्यभागी लिहिला आणि जोड्या मागितल्या: फोटो काढणे, चित्र काढणे, तिकीट काढणे, कर्ज काढणे, वेळ काढणे, विषय काढणे, खोड्या काढणे. मग दोघादोघांनी प्रत्येक जोडीला इंग्रजी क्रियापद शोधायचे. फोटोला ‘टेक’, चित्राला ‘ड्रॉ’, तिकिटाला ‘बाय’, वेळेला ‘मेक’, विषयाला ‘ब्रिंग अप’. कर्जाला पुन्हा ‘टेक’ आला तेव्हा वर्गात कोणीतरी म्हणाले की इंग्रजीतही कंटाळा करतात. या वयाची मुले उभे राहून बोलायला लाजतात, चारचौघांत हसे होईल ही धास्ती त्यांना असते. पण बाकावर शेजाऱ्याशी कुजबुजत भांडायला ती एका पायावर तयार असतात, आणि म्हणून माझ्या सगळ्या कृती जोडीनेच होतात.

मुलांनी लिहिलेल्या चिठ्ठ्या बुटांच्या एका रिकाम्या खोक्यात जातात आणि दर गुरुवारी त्यांतल्या दहा उजळणीसाठी बाहेर येतात. शिकलेले किती झपाट्याने विसरते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवले होते, त्यामुळे एकदा शिकवले म्हणजे झाले असे मी तरी मानत नाही. पोर्शन मागे पडतो, हा सहकाऱ्यांचा आक्षेप खरा आहे. पस्तीस मिनिटांच्या तासात साठ मुलांच्या चिठ्ठ्या वाचता येत नाहीत. मी दहा वाचते आणि पन्नास घरी आणते.

पुढच्या आठवड्यात ‘लागणे’ घेणार आहे: भूक लागणे, नंबर लागणे, ठेच लागणे, निकाल लागणे. सरावासाठी एका मुलाकडून ‘घोडबंदर रोडला ट्रॅफिक लागला’ याचे इंग्रजी करून घेतले, तर त्याने मनापासून ‘ट्रॅफिक अटॅच्ड’ असे लिहून दिले. ती चिठ्ठी मी खोक्यात सगळ्यांत वर ठेवली आहे.