अंगाला टोचतं? मग पायाखाली अंथरा

आमच्या हॉलमध्ये गेल्या दिवाळीपासून लोकरीचं एक काळं जेन अंथरलेलं आहे. तीन फूट बाय सहा फूट, कडा जराशा वाकड्या, एका कोपऱ्यात पांढऱ्या लोकरीची फुली. घरी येणारं माणूस आधी त्यावर पाय ठेवायला बिचकतं, मग वाकून हात लावतं आणि म्हणतं, "टोचतं की गं हे!"

हो, टोचतं. आज मला त्या टोचण्याबद्दलच लिहायचंय. "टोचतं" म्हणून आपण घोंगडी घरातून काढली, जेन काढलं, आणि आता आपल्याच माळावरच्या मेंढरांची लोकर उकिरड्यावर पडते. हे मी डोळ्यांनी बघून आले आहे.

ज्यांना जेन माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. घोंगडी विणतात, जेन विणत नाहीत. घोंगडीला सूत लागतं, माग लागतो, ताण्याला चिंचोक्याची खळ लागते. सनगर समाजाचं ते पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. जेनाला सूतही नाही आणि मागही नाही. लोकर थरावर थर पसरायची, पाणी शिंपडायचं आणि दाबत राहायचं, की त्याचा जाड, एकसंध पत्रा होतो. आमच्या कोल्हापूरकडे जेन म्हणतात, काही भागांत बुरणूस म्हणतात.

माझ्या आजीचं एक जेन होतं. घर मातीचं, जमीन शेणानं सारवलेली. कागल तालुक्यातला पाऊस एकदा लागला की आठ-आठ दिवस उघडत नाही. भिंतीला ओल, जमिनीला ओल, गादीचा कापूससुद्धा हाताला गार लागायचा. आम्ही नातवंडं तिच्या जेनावर झोपायला भांडायचो, कारण त्या घरात पाठीला ऊब देणारी तेवढी एकच जागा असायची. लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी वाफ आत धरून ठेवते आणि तरी हाताला ओली लागत नाही, हे मी खूप नंतर वाचलं. आजीला ते वाचायची गरज नव्हती. बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवायची तेव्हा अंथरूण म्हणून ती जेनच घालायची. "ठिणगी उडाली तरी भडकत न्हाई," म्हणायची. तेही खरंच आहे. लोकर सहजासहजी पेट घेत नाही, आणि जाळ बाजूला केला की आपोआप विझते.

आणि एवढं सगळं माहीत असताना मी पुण्यात फ्लॅट घेतल्यावर काय केलं? ऑनलाइन १८०० रुपयांचा गालिचा मागवला. फिकट करडा रंग, मऊसूत, फोटोत फार छान दिसायचा. लेबल वाचलं ते फेकून देताना: पॉलिप्रॉपिलीन. म्हणजे आपल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या ज्याच्या असतात तेच, फक्त धागा करून. दुसऱ्या पावसाळ्यात त्याला कुबट वास सुटला. मग पाठीचा रबरासारखा थर भुगा होऊन फरशीवर पडायला लागला. रोज केर काढताना सुपलीत करड्या तंतूंचा पुंजका यायचा. माझी मुलगी तेव्हा रांगत होती. त्यातलं किती तिच्या नाकातोंडात गेलं असेल, या विचारानं मला अजून कसंतरी होतं. शेवटी गुंडाळी करून खाली नेला, तर कचऱ्याच्या गाडीवरच्या ताई म्हणाल्या, "हे ओल्यात टाकू का सुक्यात? कुठंच घेत नाहीत हो याला." तो गालिचा आजही कुठल्या तरी डेपोवर तसाच पडून असणार. माझ्या नातवंडांच्या नातवंडांपर्यंत पडून राहील.

त्यानंतर गावी गेले तेव्हा मामेभावाला म्हटलं, जेन करणारं कुणी उरलंय का, बघ. दोन दिवस फोनाफोनी केली तेव्हा एका चाचांचा पत्ता लागला. त्यांच्या अंगणात सकाळी नऊला जाऊन बसले ते दुपारी उन्हं कलल्यावर उठले.

आधी लोकर निवडणं. मूठभर लोकर हातात घेतली तर त्यात कुसळं, गोखरू, वाळकं शेण, माळावरचं सगळं. त्यांच्या घरातल्या दोघी बायका नुसती बोटं चालवत होत्या, एकीकडे गप्पा, एकीकडे कुसळं बाजूला. मग पिंजलेली लोकर. पूर्वी धनुकलीनं पिंजायचे, आता त्यांच्याकडे मशीनवर पिंजून येते. ती फुगलेली काळी लोकर हाताला ढगासारखी लागते, वजनच जाणवत नाही. चाचांनी चटई पसरली आणि तिच्यावर लोकर झटकत झटकत घालायला सुरुवात केली. एक थर उभा, एक थर आडवा. वर साबणाचं कोमट पाणी, हातानंच शिंपडलेलं. ढीग गुडघ्याच्या खाली येईल एवढा उंच होता, आणि मला वाटलं याचं अंथरूण कसं काय होणार? मग चटईसकट त्याची गुंडाळी केली, दोरीनं आवळली, आणि चाचा नि त्यांचा मुलगा समोरासमोर गुडघ्यांवर बसून कोपरापासून मनगटापर्यंतच्या हातांनी ती दाबत, लाटत सुटले. पुढे, मागे. पुढे, मागे. मधेच उठून पायानं. थोड्या वेळानं गुंडाळी उलगडायची, कडा आत दुमडायच्या, जिथं विरळ वाटेल तिथं चिमूटभर लोकर लावायची, पुन्हा पाणी, पुन्हा गुंडाळी दुसऱ्या बाजूनं. हे किती वेळा झालं ते मोजायचं मी सोडून दिलं. दर उलगडीला ते आतल्या आत आवळत होतं. सकाळी मांडलं होतं त्याच्यापेक्षा चारही बाजूंनी वीतभर आत आलं.

चाचांच्या हाताला, कोपराच्या खाली आतल्या अंगाला, टाचेसारखी कातडी झालीय. चाळीस वर्षांची.

"ह्याला गाठ कुठं मारता?" मी विचारलं.

"गाठ कशाला, ताई? मेंढराचा केस हाय ह्यो. केसात केस अडकला की सुटत न्हाई."

इतकं साधं आहे ते. लोकरीच्या प्रत्येक केसावर बारीक खवले असतात. ओल, ऊब आणि दाब मिळाला की ते एकमेकांत रुततात आणि परत मोकळे होत नाहीत. जोडायला वीज नाही, डिंक नाही, रंग नाही, खिळा नाही. काळं, पांढरं, करडं, तपकिरी, जे मेंढराच्या अंगावर आहे तेवढेच रंग. माझ्या जेनावरची फुली त्यांच्या मुलानं शेवटच्या थरात पांढरी लोकर वळून घातली. मी सांगितलं नव्हतं. "कोरं बरं दिसत न्हाई," म्हणाला.

मी २८०० रुपये दिले. माझ्या प्लॅस्टिकच्या गालिच्यापेक्षा हजार रुपये जास्त. दोन माणसांचा अख्खा दिवस, निवडणाऱ्या दोघींचे दोन दिवस, आणि चाचांच्या हिशेबानं तीन किलोच्या आसपास लोकर. दख्खनी मेंढी वर्षातून दोनदा कातरतात आणि वर्षाकाठी जेमतेम अर्धा किलो लोकर हाती लागते. म्हणजे माझ्या हॉलमध्ये सहा मेंढ्यांचं एक वर्ष अंथरलेलं आहे. हे एकदा डोक्यात बसलं की २८०० हा आकडा महाग वाटायचा थांबतो. खरं सांगायचं तर कमी वाटायला लागतो.

परतताना ऊस तुटून मोकळ्या झालेल्या एका रानात मेंढरं बसलेली दिसली. शेतकरी खतासाठी रात्रभर बसवून घेतात ना, तशी. नुकतीच कातरणी झालेली. बांधाला लोकरीचा ढीग होता, कुत्र्यानं त्यात खड्डा करून अंग टाकलेलं. वाड्यावरच्या, म्हणजे मेंढपाळांच्या तळावरच्या, म्हाताऱ्या मामांना विचारलं, ही लोकर कुठं जाणार? म्हणाले, "जातीय कुठं! कातरणाऱ्याची मजुरीबी निघत न्हाई हिच्यातनं. न कातरावं तर मेंढराला त्रास. वाडा म्होरं जाईल, ही हितंच कुजंल."

एका बाजूला हे, आणि दुसऱ्या बाजूला आपला देश ऑस्ट्रेलियातून, न्यूझीलंडमधून लोकर आयात करतो. कारण आपल्याला मऊ हवी. केस साधारण ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असला की तो कातडीवर वाकत नाही, टोक रुततं, त्यालाच आपण टोचणं म्हणतो. मेरिनो या परदेशी मेंढीचा केस याहून बराच बारीक, म्हणून ती स्वेटरला चालते. दख्खनीचा जाड. पण अहो, फरशीवर जाड केसच लागतो! पायाखाली दबून पुन्हा वर येतो तो जाड केस. दहा माणसं वर्षानुवर्षं चालली तरी चपटा होत नाही तो जाड केस. ज्याला आपण खोट म्हणतो तोच या लोकरीचा गुण आहे, आपण तिला चुकीच्या कामाला लावून नापास केलं. मऊच हवी म्हणून कुणी जावळाची घोंगडी शोधतं. हरकत नाही, सुंदरच असते. पण जावळ म्हणजे कोकराची पहिली लोकर, प्रत्येक जिवाची एकदाच मिळते. तिच्यावर सगळ्या कळपाचं पोट चालायचं नाही. पोट चालेल ते मोठ्या मेंढीच्या जाड, काळ्या, टोचऱ्या लोकरीवर.

लोकरीला भाव नाही म्हटल्यावर मेंढपाळ तरी काय करणार? आता मागणी मटणाची. जत तालुक्यातल्या माडग्याळ जातीच्या मेंढ्यांना बाजारात मोठा भाव मिळतो, देखणी, उंच, वजनदार जात आहे ती, पण तिच्या अंगावर लोकर नावालाच. ज्याला लेकरांची शिक्षणं करायचीत तो माडग्याळ घेणार, त्यात त्याचं काही चुकत नाही. मात्र पावसात, उन्हात, शेकडो किलोमीटर चालूनही तग धरणारी काळी दख्खनी कळपातून कमी होत चाललीय. एकदा ती गेली की चाचांच्या मुलाच्या हातातली कला शिकून उपयोग काय?

मला राग येतो तो "इको-फ्रेंडली होम डेकोर" म्हणून घोंगडीचा चौकोन फ्रेममध्ये घालून भिंतीवर टांगतात तेव्हा. भिंतीवर एक तुकडा लागला की पन्नास वर्षं दुसरा लागत नाही. ही वस्तू वापरायची आहे. सोफ्यासमोर अंथरा, पूजेला आसन करा, अभ्यासाला बसायला मुलांना द्या. आम्ही शाळेत बसायला बस्कर न्यायचो, आठवतंय? दीड फुटाचं जेनाचं बस्कर प्रत्येक अंगणवाडीत का नसावं? गार फरशीवर बसतात ती लेकरं. आमच्या सोसायटीच्या योगवर्गात तीस जणी प्लॅस्टिकच्या मॅटवर बसतात, आणि त्यातल्याच कितीतरी जणी गुरुचरित्राच्या पारायणाला मात्र लोकरीचं आसन शोधत फिरतात. सरकारकडे शेळ्या-मेंढ्यांसाठी अख्खं महामंडळ आहे, अहिल्यादेवींच्या नावाचं. शाळा, वसतिगृहं, विश्रामगृहं यांच्या खरेदीत जेन आणि घोंगडी सक्तीनं घ्यायची असं एकदा ठरवलं तरी बांधावरची लोकर उचलायला माणसं येतील. २०२६ हे वर्ष तर संयुक्त राष्ट्रांनी माळरानं आणि पशुपालकांसाठी जाहीर केलेलं आहे. नाहीतर हाही विषय आपल्याकडचं भिजत घोंगडंच.

त्या म्हणीवरून आठवलं, निगा कशी राखायची हे सगळे विचारतात. भिजलेलं घोंगडं जड होतं आणि वाळता वाळत नाही, म्हणून तर ती म्हण आली. तेव्हा जेन धुवायला काढू नका. वॉशिंग मशीनमध्ये तर चुकूनही नको, आवळून निम्मं होईल. चहा सांडला तर गार पाण्याचं फडकं, घासायचं नाही, टिपायचं. महिन्यातून एकदा गॅलरीत टाकून काठीनं झोडपायचं. कसर, म्हणजे लोकर खाणारी अळी, लागते हे खरं आहे. कसर अंधारात, न हलवलेल्या लोकरीला लागते, रोज वापरातल्या जेनाला सहसा नाही. पावसाळ्यात गुंडाळून ठेवायचंच असेल तर आत कडुनिंबाचा वाळलेला पाला. पहिले पंधरा दिवस मेंढराचा वास येतो. दोन उन्हं दाखवली की जातो. थोडी लोकरही झडते सुरुवातीला. मी ती केरात टाकत नाही, कुंड्यांत टाकते. केसच आहे शेवटी, झाडाला नत्र मिळतं.

आजीच्या जेनाचं पुढं काय झालं तेही सांगते. आधी ते अंथरूण होतं. मग मधे विरल्यावर आईनं कापून त्याचं पाळण्यात घालायला केलं, माझ्या धाकट्या भावासाठी. मग उंबऱ्याशी पाय पुसायला. मग गोठ्यात, नव्या वासरासाठी. शेवटचा वीत-दोन वीत तुकडा परड्यातल्या आंब्याच्या बुडाशी गेला, ओल टिकायला म्हणून. दोन पावसाळ्यांनंतर मी काठीनं उकरून बघितलं होतं. माती होती, काळी.

माझं जेन बघून बिल्डिंगमधल्या चौघींनी सांगितलंय, आम्हालाही हवं. त्यात पहिल्यांदा "टोचतं" म्हणणारी शेजारीणही आहे. तिचं बाळ रांगायला लागलंय. परवा चाचांना फोन केला. म्हणाले, लोकर हाय, पण पाऊस उघडल्याबिगर जेन वाळत न्हाई, गडबड करू नगा. चारही दसऱ्याच्या आसपास मिळतील. एकीला फुलीच्या जागी पान हवंय. मुलाला विचारून सांगतो म्हणाले.