ठरलं की ठरवलं? एका प्रतिक्रियेला उत्तर

किशोरवयीन मुलांनी स्वतःची ओळख शोधण्याबद्दल मी लिहिलं होतं, त्यावरच्या तुमच्या रोखठोक प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचे आक्षेप तीन आहेत. ‘स्वतःची ओळख शोधणं’ हे पाश्चात्त्य खूळ आहे. तुमच्या मुलाने आठवीतच डॉक्टर व्हायचं ठरवलंय, म्हणजे त्याचा गोंधळ नाही. आणि तुम्ही रोज त्याचा मोबाइल तपासता म्हणून तो ताळ्यावर आहे.

पहिल्यात तथ्य आहे. किशोरवयात मूल ‘मी कोण’ याचं उत्तर शोधतं, या मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सनच्या कल्पनेवर जेम्स मार्सिया या मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली जो अभ्यास छापला तो अमेरिकेतल्या ८६ कॉलेजकुमारांचा, मुलगी एकही नाही. त्यावरून सांगलीतल्या दहावीच्या मुलीबद्दल छातीठोक बोलू नये. पण त्याने पाहिलेल्या दोन गोष्टी कुठल्याही घरात पाहता येतात: पर्याय चाचपले का, आणि कशाला तरी बांधून घेतलं का? दोन्ही केलं तर ओळख कमावलेली. नुसती चाचपणी चालू असेल तर तो शोधकाळ. दोन्ही नसेल तर पोर वाऱ्यावर. आणि चाचपणी न करताच बांधून घेतलं असेल, तर मी त्याला आयती ओळख म्हणतो.

आयती ओळख बाहेरून फार छान दिसते. मुलगा शांत, ध्येय पक्कं, घरी भांडण नाही. पण मार्सियाच्या गटात आईवडिलांच्या इच्छेला धरून चाललेल्या मुलांनी स्वतःसाठी आवाक्याबाहेरची लक्ष्यं ठेवली होती. ताणाखाली कोडी सोडवायला दिली तेव्हा सरस ठरली ती ओळख कमावलेली मुलं.

तुमचा मुलगा कुठे बसतो ते तुम्हालाच पाहता येईल. मार्सियाच्या मुलाखतीत एक प्रश्न होता: याहून चांगलं काही समोर आलं तर हे सोडशील का? “लगेच सोडेन” म्हणणारा अजून कशालाच बांधलेला नाही. “सोडेन कदाचित, पण याहून चांगलं म्हणजे काय ते आधी बघेन” म्हणणाऱ्याने विचार केलाय. “छे, लहानपणापासून हेच ठरलंय, घरचेही खूश आहेत” हे आयत्या ओळखीचं उत्तर. ठरलंय, कुणी ठरवलंय ते वाक्यात नाही. प्रश्न जेवणाच्या टेबलावर समोरासमोर नको, गाडीत शेजारी बसून विचारा. आणि विचारल्यावर गप्प बसा. पाचव्या सेकंदाला आपणच उत्तर पुरवतो, तिथे सगळं फसतं.

उत्तर आयतं निघालं तर डॉक्टरकी रद्द करायची नाही, फक्त तपासायची. ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे असतात. परीक्षा नसताना तो जीवशास्त्राचं पुस्तक उघडतो का? ओळखीच्या डॉक्टरांना विचारून एक अख्खी सकाळ त्याला ओपीडीबाहेरच्या बाकावर बसू द्या. एमबीबीएसचं पहिलं वर्ष करणाऱ्या मुलाशी तासभर बोलू द्या, तुम्ही तिथे नसताना. अकरावीला जीवशास्त्रासोबत गणितही ठेवता आलं तर ठेवा. ओझं वाढतं हे खरं, पण इंजिनिअरिंगचं दार उघडं राहतं.

आता मोबाइल. स्टॅटिन आणि केर या संशोधकांनी २००० साली स्वीडनमधल्या चौदा वर्षांच्या ७०३ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पालकांना मुलांबद्दल जे कळतं ते मुख्यतः मुलांनी आपणहून सांगितल्यामुळे. पाळत ठेवण्याचा वाटा त्यामानाने थोडा. रोज तपासला जाणारा फोन मुलगा रिकामा ठेवायला शिकतो, एवढंच.

कडक व्हाच, पण जागा निवडून. केस, कपडे, खोलीतला पसारा ही त्याची हद्द. तिथे हरलात तरी काही बिघडत नाही. जीव आणि दुसऱ्याला इजा, इथे मात्र तडजोड नको. गार्डनर आणि स्टाइनबर्ग या संशोधकांच्या २००५ च्या प्रयोगात गाडी चालवण्याचा व्हिडिओ गेम होता, सिग्नल पिवळा झाला की लाल होण्याआधी कधी थांबायचं ते ठरवायचं. १३ ते १६ वयाची मुलं मित्र बघत असताना एकट्यापेक्षा कितीतरी जास्त धोका पत्करत होती; चोविशीपुढच्यांना मित्रांमुळे विशेष फरक पडला नाही. म्हणून “ते मित्र नकोत” यापेक्षा “लायसन्सशिवाय गाडी नाही, आणि तिघं एका गाडीवर तर कधीच नाही” हा नियम कामाचा. तो मोडला तर महिनाभर किल्ली तुमच्याकडे. वाद नाही, व्याख्यानही नाही.