सूचना करणाऱ्यांस सूचना

पुण्यातल्या आपल्या उपनगराच्या भवितव्याबद्दल चार सूचना कराव्यात असं मनात आलं असेल, तर आधी कपाटातली फाईल काढा आणि स्वतःच्या पझेशनची तारीख बघून घ्या. उपनगराचा इतिहास त्या तारखेला संपतो आणि भविष्य दुसऱ्या दिवशी सुरू होतं. त्याआधी उभ्या राहिलेल्या इमारती म्हणजे विकास. त्यानंतर उभ्या राहणाऱ्या म्हणजे सिमेंटचं जंगल. एवढं पाठ झालं की बाकीच्या सूचना आपोआप सुचतात.

सुरुवात बांधकामबंदीपासून करावी. 'पाणी, रस्ते, ड्रेनेज होईपर्यंत नवीन परवानग्या देऊ नयेत.' मागणी अगदी रास्त आहे. तुमच्या टॉवरला परवानगी मिळाली तेव्हाही पाणी नव्हतंच. महापालिकेची लाईन येईपर्यंत पाण्याची सोय मी करीन, असं हमीपत्र बिल्डरने लिहून दिलं होतं. ते वाचायचं राहून गेलं, कारण त्या दिवशी तुम्ही सॅम्पल फ्लॅटमध्ये मॉड्युलर किचनचे ड्रॉवर उघडून-मिटून बघत होता. आता बिल्डर पुढच्या गावात नवीन हमीपत्र लिहितोय आणि टँकरचे पैसे तुमच्या मेंटेनन्समधून जाताहेत. सभेत मात्र हा विषय जपून काढा, फ्लॅटचे भाव पडतात. टंचाईबद्दल पेपरात छापून आणायचं तर 'परिसरातील त्रस्त नागरिक' म्हणा आणि फ्लॅट विकायला काढाल तेव्हा 'मुबलक पाणी' लिहा. दोन्ही मजकूर एकाच रविवारी आले तरी कोणी विचारत नाही.

पाण्याच्या प्रश्नावर अधिकारवाणीने बोलायचं तर खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चारही धरणांत आज किती टीएमसी साठा आहे, हे तोंडपाठ हवं. सोसायटीच्या टाकीत किती आहे, ते वॉचमन बघतो. पावसाचं पाणी जिरवायचा खड्डा तुमच्याकडे नकाशात आहेच. त्यावर सध्या दुचाक्या लागतात. गच्चीवरचं पाणी पाइपाने थेट रस्त्यावर सोडून द्यावं. त्यामुळे जुलैत रस्ता तुंबतो आणि रस्ता तुंबला की पुढच्या सूचनेचा फोटो घरबसल्या मिळतो.

पत्त्याकडेही लक्ष असू द्या. सूसमध्ये राहणाऱ्याने 'बाणेर अ‍ॅनेक्स' लिहावं, पिसोळीत राहणाऱ्याने 'एनआयबीएम अ‍ॅनेक्स'. गावाचं नाव फक्त सातबाऱ्यावर आणि कुरिअरवाल्याशी भांडताना येऊ द्यावं. ग्रामपंचायत होती तोवर 'आम्हाला महापालिकेत घ्या' ही सूचना चालायची. २०१७ मध्ये अकरा गावं घेतली, २०२१ मध्ये तेवीस घेतली. तेव्हापासून 'ग्रामपंचायतच बरी होती' ही सूचना चालते. कराचं बिल हातात पडलं की तिला धार येते. उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावं तर २०१७ मध्ये आत आली आणि पुढे स्वतंत्र नगर परिषदेसाठी बाहेरही पडली. तेव्हा दोन्ही मजकुरांचे अर्ज टाईप करून ठेवावेत. आपण स्वतःच घरात राहतो म्हणून मिळकतकरात ४० टक्के सवलत घेतलेली असली, तरी 'आम्ही एवढा टॅक्स भरतो' हे वाक्य पूर्ण आवाजातच म्हणावं.

आता मुख्य विषयाकडे येऊ. बाक.

पुणे महापालिकेने २००६ मध्ये एक धाडस केलं. तुमच्या भागात काय हवं ते तुम्हीच सांगा, आम्ही अंदाजपत्रकात धरतो, असं नागरिकांना सांगितलं. देशात हा प्रयोग करणाऱ्या पहिल्या काही शहरांत आपण आहोत. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा आणि एका कामाला पाच लाखांची मर्यादा. कल्पना इतकी चांगली होती की, तिच्याशी काय करायचं हेच आपल्याला कळेना. पाच लाखांत पूल होत नाही, शाळा होत नाही, धड पदपथही होत नाही. पण पदपथावरचा बाक होतो. पदपथ नसेल तर तो रस्त्याच्या कडेला बसवता येतो, तोंड कचराकुंडीकडे करून. उपनगरात दोनशे पावलं सलग चालायला जागा मिळणार नाही, पण चालून दमलेल्या माणसाची सोय ठिकठिकाणी आढळेल.

बाक मागताना ज्येष्ठ नागरिकांना पुढे करावं. बाक आला की त्याच्या पाठीवर 'माननीय अमुक यांच्या संकल्पनेतून' असं लिहिलेलं असेल. अर्ज तुमचा, पैसे तुमचे, संकल्पना मात्र माननीयांची. वाईट वाटून घेऊ नका. तुम्हाला बसायला मिळालं, त्यांना नाव लावायला मिळालं आणि दोघांपैकी नाव जास्त टिकतं. नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर बराच काळ प्रशासकांनी कारभार पाहिला, तेव्हाही संकल्पना काही थांबल्या नाहीत. त्या दिवसांत शहरात एकही नगरसेवक नव्हता, पण भावी नगरसेवक चौकाचौकांत होते. उपनगराच्या भवितव्यावर इतक्या मोठ्या अक्षरांत आणि इतक्या ठाम विश्वासाने दुसऱ्या कोणी लिहिलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही.

तर बाक. पुढे काय होतं ते ऐका. सकाळी त्यावर ज्येष्ठ नागरिक बसतात, इथवर ठीक. दुपारी समोरच्या साईटवरच्या बायका तिथे डबा खातात आणि संध्याकाळी डिलिव्हरीची पोरं पुढच्या ऑर्डरची वाट बघत टेकतात. बाकाचा असा वापर होऊ लागला की ताबडतोब दुसरी सूचना करावी : 'सदर ठिकाणी बाहेरचे लोक बसतात, तरी बाक काढून टाकावेत.' बाक बसवणं हे एक काम, काढणं हे दुसरं. लोकसहभागातून अर्थचक्र फिरतं ते असं.

बाकावर हात बसला की रस्त्याला हात घालावा. विकास आराखडा म्हणजे भविष्याची सरकारी प्रत. पुण्याचा २००७ ते २०२७ चा आराखडा, प्रारूप प्रसिद्ध झालं २०१३ मध्ये आणि सरकारची मंजुरी मिळाली २०१७ मध्ये. म्हणजे वीस वर्षांच्या भविष्याला मान्यता मिळाली तेव्हा त्यातली दहा वर्षं भूतकाळात जमा झाली होती. १९८७ च्या आराखड्यात जलद सार्वजनिक वाहतुकीसाठी एचसीएमटीआर नावाचा वर्तुळाकार मार्ग आखला होता. तो अजून नकाशावर आहे आणि तिथे कधीच वाहतूक कोंडी होत नाही. नव्या गावांसह सगळ्या महानगर प्रदेशासाठी पीएमआरडीए या प्रादेशिक विकास प्राधिकरणाने २०२१ मध्ये प्रारूप आराखडा केला, त्यावर साठ हजारांहून जास्त हरकती-सूचना आल्या आणि २०२५ मध्ये सरकारने आराखडाच रद्द केला. साठ हजार कागद! सूचना करणाऱ्यांची ताकद काय असते, ते यावरून ध्यानात घ्यावं.

तुमच्या भागात एखादी मिसिंग लिंक असेलच. दोन्हीकडून छान डांबरी रस्ता येतो आणि मध्ये कोणाचा तरी गोठा लागतो. त्या गोठेवाल्याला 'विकासाला विरोध करणारा' म्हणायचं असतं. त्याच्या आजोबांच्या जमिनीतून तुमची ऑफिसची वाट जाणार आहे, महापालिका त्याला पैशांऐवजी टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरायचा बांधकामाचा हक्क, घे म्हणतेय आणि तो रोख मागतोय. टीडीआरची खरी किंमत काय असते, हे समजून घ्यायच्या भानगडीत इतक्यात पडू नका. तीच रेषा पुढे सरकून तुमच्या व्हिजिटर पार्किंगमधून जायला लागेल तेव्हा आपसूक समजेल. तेव्हा सोसायटीतले निवृत्त इंजिनिअर रस्ता 'तांत्रिकदृष्ट्या' कसा वळवता येतो ते दाखवतील, वकील भूसंपादनाचा कायदा काढतील आणि मोबदला रोखच हवा असा ठराव एकमताने होईल. रस्ता झालाच पाहिजे, फक्त थोडा पलीकडून. कात्रज-कोंढवा रस्ता ८४ मीटरचा व्हायचा होता, जागेपायी तो ५० मीटरवर आला. लहान केला की भविष्य कुठेही मावतं.

सार्वजनिक वाहतुकीचं जोरदार समर्थन करावं, दुसऱ्यांसाठी. डिसेंबर २००६ मध्ये देशातली पहिली बीआरटी, म्हणजे वेगळ्या मार्गिकेतली बस, स्वारगेट-कात्रज रस्त्यावर धावली. पुढे बीआरटी काढा ही सूचना तितक्याच हिरिरीने झाली आणि नगर रस्त्यावर ती अमलातही आली. मेट्रोचं स्टेशन घरापासून चालत जाण्याइतकं जवळ असावं, मात्र खांब बाल्कनीतून दिसू नये. आणि पूल मागत राहावं. विद्यापीठ चौकातला पूल २०२० मध्ये पाडून त्याच जागी दुमजली बांधायला घेतला. एका चौकात एवढी कामं निघतात, हे बाकाच्या हिशेबात बसणारं नाही.

टेकडी वाचवा, हे सांगायला हवं का? टेकडीच्या उतारावर तुमची बिल्डिंग आहे, तिच्या वर कोणी बांधू नये.

कचऱ्याबद्दल एकच सूचना पुरे : 'शास्त्रीय पद्धतीने, लोकवस्तीपासून दूर विल्हेवाट लावावी.' दूर म्हणजे कुठे, ते लिहू नये. एकेकाळी दूर म्हणजे उरुळी देवाची होतं. आता तिकडेही टॉवर झालेत आणि तिथले रहिवासीही हीच सूचना करतात. दिवसाला शंभर किलोच्या वर कचरा करणाऱ्या सोसायटीने ओला कचरा आवारातच जिरवावा, असा घनकचऱ्याच्या नियमांचा आग्रह आहे. त्यासाठी बिल्डरने दिलेलं यंत्र क्लब हाऊसच्या मागे आहे. त्याच्यावर ताडपत्री आहे आणि ताडपत्रीवर मनी प्लांटच्या कुंड्या. पाहणीला कोणी आलं तर कुंड्या दाखवाव्यात.

मूळ गावकऱ्यांशी संबंध सलोख्याचे असावेत. आपलं उपनगर 'निसर्गाच्या कुशीत' असल्याचं ब्रोशरमध्ये छापलेलं आहे, पण निसर्गाच्या कुशीत म्हशीही असतात, हे छापलेलं नाही. वर्षातून एकदा जत्रा भरते. त्या रात्री स्पीकरबद्दल तक्रार करावी आणि गणपतीत आपल्या पोडियमवरचा डीजे थोडा आधी सुरू करावा, कारण ती संस्कृती.

पोळ्यांच्या मावशींना मात्र काही विचारायला जाऊ नका. त्या शेवटच्या बसथांब्यापासून डंपरच्या कडेकडेने रोज चालत येतात. सकाळी पीएमपीच्या दोन बस वाढवा, त्या वळणावर चार दिवे लावा, नाल्यावरच्या साकवाला कठडा करा, असलं काहीतरी त्या सांगून बसतील. खर्च पाच लाखांच्या आत बसेल आणि काम झालं तर उपयोग सगळ्यांनाच होईल. सुदैवाने त्या सोसायटीच्या सभासद नाहीत, त्यामुळे तसा प्रसंग येत नाही.

सूचनांवर खरी चर्चा वार्षिक सर्वसाधारण सभेत करावी. ती सप्टेंबरअखेर घ्यावी लागते म्हणून घेतात. गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब होते आणि त्याच जागी, त्याच बारा माणसांत पुन्हा सुरू होते. उपनगराचं भवितव्य 'आयत्या वेळचे विषय' यात येतं. त्याआधी लिफ्टमध्ये कुत्रा न्यावा की नाही यावर दीड तास जातो. तोवर समोसे गार होतात आणि भवितव्याचा अभ्यास करायला एक समिती नेमून सभा संपते. समितीत जाऊ नका. समितीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होतो, त्यावर पहिले चार दिवस नकाशे येतात आणि पाचव्या दिवसापासून सुविचार.

एवढी सगळी काळजी घेऊनही एखादी सूचना मंजूर होऊ शकते. महापालिकेतही कधीकधी फाईल चालते, आणि एका सकाळी तुमच्याच गेटसमोर जेसीबी येऊन उभा राहतो. पदपथ रुंद करायचाय, गेटचा रॅम्प दीड मीटर मागे घ्या, झाडांच्या कुंड्या उचला, असं तो मुकादम तुमच्याच अर्जाची प्रत दाखवून सांगतो. अशा वेळी घाबरू नये. अर्जाचा मसुदा कॉम्प्युटरमध्ये असतोच. विषयाच्या ओळीतलं 'सूचना' खोडून 'हरकत' करावं, सही तीच ठेवावी आणि अकराच्या आत क्षेत्रीय कार्यालयात पोचावं, साहेब नंतर साईटवर जातात. दोन प्रती न्याव्यात. एकीवर शिक्का मारून पोच घ्यावी.