टीमचं मनोबल वाढवा, शनिवारी सकाळी सातला

नाशिकच्या अंबड किंवा सातपूर एमआयडीसीत तुमच्या हाताखाली चाळीस-पन्नास माणसं आहेत आणि सगळ्यांचे चेहरे पडलेत? घाबरू नका. पगारवाढीचा विचार मनात आला तर पाणी प्या, तो जाईल. मिसळ पार्टी ठेवा.

पार्टी सुट्टीच्याच दिवशी हवी. शनिवारी सकाळी सातला, गंगापूर रोडच्या पुढे एखाद्या मळ्यातल्या मिसळीवर. रात्रपाळीवाल्यांना गेटवरून थेट तिकडेच वळवा. पहिला पाव मोडायच्या आत माइक हातात घ्या. ‘आपण सगळे एक फॅमिली’ इथून निघून रिजेक्शनच्या, म्हणजे नापास मालाच्या, आकड्यांवर या आणि पापड मऊ पडेपर्यंत बोला. मग ग्रुप फोटो, सगळ्यांचे अंगठे वर. वर्गणी ऐच्छिक, पगारातून कापली की झालं.

ऐकूनही घ्यावं माणसांचं. सूचनापेटी लावा, मात्र कॅमेऱ्याच्या बरोबर खाली. ‘कँटीनच्या पोळ्या कच्च्या असतात’ अशी चिठ्ठी निघाली तर आधी अक्षर कोणाचं ते शोधा. पोळ्यांचं बघू नंतर.

वरच्या साहेबांना शास्त्रीय आधार लागतो, तोही आहे. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून उजेडाचे प्रयोग झाले. दिवे वाढवले तरी काम वाढलं, मंद केले तरी वाढलं, असं सांगतात. आपल्याकडे कोणीतरी लक्ष देतंय म्हणून माणसं खुलली, असा अर्थ पुढे लावला गेला. त्यावर वादही झाले. तुम्ही कशाला वादात पडता? दिवे मंद करा. वीजबिल तरी वाचेल.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये मांडलं, की चांगल्या पगारानं नाराजी टळते. उमेद मात्र कौतुकानं, जबाबदारीनं येते. यातलं पगाराचं तेवढं वगळा आणि ‘महिन्याचा उत्तम कर्मचारी’ म्हणून एकाचा फोटो नोटीस बोर्डावर लावा. जबाबदारीही त्यालाच द्या, पण आउट पंच करून झाल्यावर. ओव्हरटाइमला दुप्पट दर द्यावा लागतो ना!

आणि दिवाळी. किमान ८.३३ टक्के बोनस कायद्यानंच ठरवून दिलाय, हे कशाला सांगत बसायचं? घरातलं सोनं मोडून देतोय अशा आवाजात जाहीर करा. कंत्राटी पोरांना सोनपापडी. फोटोत मात्र त्यांना पुढे बसवा, संख्या भरते.

इतकं करूनही एखादा चांगला सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या यंत्राचा) ऑपरेटर सिन्नरला दुसऱ्या कंपनीत निघालाच, तर ‘हल्लीच्या पोरांना निष्ठाच नाही’ म्हणा आणि निरोपाच्या केकची वर्गणी त्याच्याकडूनही घ्या.